व्याह्यांसाठी खास पिंप

“बाबा, आज बिअरबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. घे शपथ.”

डेस्मंडराव ऑल्सॉप आरशासमोर उभे राहून टायची गाठ आवळत होते. मुलीचं वाक्य ऐकून ती जरा जास्तच आवळली गेली.

“अगं, पण मी त्यांना पबमध्ये नेतोय. तिथे बोलायचं तरी कशाबद्दल?”

“हवेबद्दल बोल. रेल्वेच्या कारखान्याबद्दल बोल. तुझ्या गुडघ्याबद्दल बोल. पण फेस, पिंप, तळघर आणि ‘दक्षिणेकडचे लोक’, यातला एक शब्द तोंडातून निघाला तर याद राख. ते म्हणतील त्याला ‘छान’ म्हणायचं. बस्स.”

हेझलच्या या हुकमामागे इतिहास होता. साखरपुड्यानंतर दोन्ही घरं पहिल्यांदा जेवायला बसली ती केंटमध्ये, मुलाकडच्यांच्या घरी. सूप सुखरूप पार पडलं. मग व्याही, म्हणजे मुलाचे वडील लायनेल पेटिफर, सहज बोलून गेले की, तुमच्या उत्तरेकडे बिअरवर दोन बोटं फेस देतात, तो गिऱ्हाइकाला हवा विकायचा धंदा आहे. डेस्मंडरावांचं डर्बी खरं तर इंग्लंडच्या बरोबर मध्यावर आहे, पण केंटमधल्या माणसाला लंडन ओलांडलं की सगळा उत्तर ध्रुवच. डेस्मंडरावांनी शांतपणे उत्तर दिलं की, दक्षिणेत बिनफेसाची जी बिअर देतात ती आमच्याकडे भांडी घासून झाल्यावर मोरीत सोडतात. त्यानंतर दोन्ही व्याह्यांनी पुडिंगला हात लावला नाही. इंग्रज माणूस समोरचं पुडिंग सोडून उठतो तेव्हा मामला कुठवर गेलाय हे वेगळं सांगावं लागत नाही.

“आज पुन्हा बिनसलं ना,” हेझल दारात थांबून म्हणाली, “तर चर्चमध्ये मी एकटी चालत जाईन. तू मागच्या बाकावर बसून बघ. मी गंमत करत नाहीये.”

ती गंमत करत नव्हती. ती आईवर गेली होती, आणि आई कधीच गंमत करत नसे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात ही दोघंच. मुलीचा हात धरून चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालत जायचं, एवढं एकच काम डेस्मंडरावांना या लग्नात होतं, आणि त्याची तालीम ते महिनाभर करत होते. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे व्हॅक्यूम क्लिनरचा दांडा दंडात अडकवून ते बोळातून सावकाश चालत जात, आणि कोटांच्या खुंटाळ्यापाशी पोचले की त्यांचे डोळे भरून येत.

“छान,” ते म्हणाले.

“आत्ता नाही रे बाबा. तिथे गेल्यावर.”

हेझल आणि तिचा होणारा नवरा बार्नबी लग्नाचं बोलायला पाद्रीबुवांकडे गेली आणि डेस्मंडराव स्टेशनवर व्याह्यांना घ्यायला. लायनेलराव आले होते ते लग्नानंतरच्या जेवणाची जागा बघायला. ही जागा म्हणजे ‘दमलेला मेंढा’ या पबच्या माडीवरचा दिवाणखाना.

आता ‘दमलेल्या मेंढ्या’त त्या आठवड्यात एक बदल झाला होता. तळघरातली पिंपं सांभाळणारा माणूस हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. डेस्मंडराव गेली कित्येक वर्षं काउंटरच्या अलीकडे उभं राहून तळघर कसं चालवावं याचा सल्ला देत आले होते. मालकीणबाई ग्लेनिसने सरळ त्यांच्या हातात किल्ली ठेवली. “सांगून पुष्कळ झालं, बदका. आता करून दाखवा.” ग्लेनिस सगळ्यांनाच बदक म्हणते. डर्बीत ते प्रेमाचं आहे.

डेस्मंडरावांनी जीव ओतून काम केलं. पिंपातली बिअर जिवंत असते. तिला हलवलेलं चालत नाही, उकडलेलं चालत नाही. तिला निवांत पडू द्यावं लागतं, बेताचा श्वास घेऊ द्यावा लागतो. थोडक्यात, दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी तिची बडदास्त ठेवावी लागते. त्यातही एक पिंप त्यांनी खास निवडलं होतं. डोंगरातल्या एका छोट्या कारखान्यातून आलेली ‘भुरी गाय’ नावाची गडद बिअर. लग्नात हीच द्यायची, आणि त्याआधी व्याह्यांना चाखवायची. तोंडाने बोलायची बंदी होती ना, मग बिअरच बोलेल.

आणि बिअर बोलली.

दुपारची वेळ होती. खिडकीजवळच्या बाकावर दोघे व्याही टेकले. घड्याळाखाली विल्फ बॅगशॉ हा म्हातारा वर्तमानपत्र पसरून बसला होता, कोपऱ्यात दोन भाऊ डॉमिनो खेळत होते. ग्लेनिसने काउंटरवरच्या पंपाचा दांडा ओढून पाइंटचे दोन मोठे ग्लास भरले. सर्दीमुळे तिचं नाक लाल झालं होतं आणि बोलणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं.

“घ्या. तुमच्या व्याह्यांनी स्वतःच्या हाताने वाढवलेलं पिंप आहे,” ती लायनेलरावांना म्हणाली. “आजच पहिल्यांदा काढतेय. मला काही वासबीस येत नाहीये, पण तुम्हाला म्हणून सांगते, या पिंपाला त्यांनी मला बोटसुद्धा लावू दिलं नाही.”

लायनेलरावांनी ग्लास उजेडात धरला. फेसाकडे पाहिलं. त्याबद्दल त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, पण त्यांनी ते गिळलं आणि मोठा घोट घेतला. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी एकदा फडफडली.

“छान,” ते म्हणाले.

डेस्मंडरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनीही घोट घेतला. जिभेने जे सांगितलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून दुसरा घेतला. जिभेने तेच पुन्हा सांगितलं, जरा ओरडून. ग्लासात होती ती बिअर नव्हती. शुक्रवारी तळलेल्या माशावर शिंपडतात ते व्हिनेगर होतं.

त्यांनी चोरून व्याह्यांकडे पाहिलं. लायनेलराव समोरच्या भिंतीवरच्या मेंढ्याच्या चित्राकडे प्रसन्नपणे बघत होते. आता दोनच शक्यता होत्या. एक तर या माणसाला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, किंवा हा माणूस थट्टा करत होता. पहिली असेल तर बोलून उपयोग नव्हता, आणि दुसरी असेल तर बोललं की भांडण. भांडण म्हटलं की मागचा बाक.

“छान,” डेस्मंडराव म्हणाले.

“जरा... तरतरीत आहे, नाही का?” लायनेलरावांनी सावधपणे विचारलं.

“तरतरीत! अगदी योग्य शब्द काढलात.”

“मला आवडतं तरतरीत.”

“मलाही. मलाही आवडतं.”

यानंतर गुडघ्याचा विषय निघाला. डेस्मंडरावांचा डावा आणि लायनेलरावांचा उजवा, असा हिशेब जमल्यामुळे गप्पा रंगल्या. गप्पांच्या भरात दोघांनी औषध घ्यावं तसे पाइंट संपवले. इथेच गोष्ट थांबली असती. पण पबमध्ये एक नियम आहे, आणि तो मोडलेला माणूस त्या पबमध्ये पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. ज्याने तुम्हाला पाजलं, त्याला परत पाजल्याशिवाय उठायचं नाही.

लायनेलराव उठले. “आता माझी पाळी. तीच ना?”

डेस्मंडरावांना दुसऱ्या दांड्याकडे बोट दाखवायचं होतं. पण ज्या बिअरची आत्ताच तोंड भरून स्तुती केली ती सोडून दुसरी मागायची म्हणजे स्तुती खोटी होती असं कबूल करणं.

“तीच,” ते म्हणाले. “म्हणजे, तुम्हाला आवडत असेल तर.”

“अहो, आवडते म्हणजे काय!”

आणि काउंटरपाशी जाऊन लायनेलराव जरा मोठ्यानेच म्हणाले, “बाई, आणखी दोन ‘भुरी गाय’. आमच्या केंटमध्ये अशी मिळत नाही!”

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

डॉमिनो थांबले. विल्फने वर्तमानपत्र खाली केलं. दक्षिणेकडचा एक माणूस, शुद्धीत असताना, डर्बीच्या पबमधल्या बिअरला चांगली म्हणतो, हे त्याने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“ग्लेनिस,” विल्फ म्हणाला, “मलाही दे गं त्यातली एक.”

“आम्हालाही,” कोपऱ्यातून दोघे भाऊ म्हणाले.

डेस्मंडरावांनी घाईने कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला, आणि बोटांना काहीतरी लागलं. लहानसं, लाकडी, एका बाजूला निमुळतं. त्यांनी टेबलाखाली मूठ उघडून पाहिलं. ती पिंपाच्या माथ्यावरची खुंटी होती. सोमवारी पिंपाला जरा श्वास घेऊ द्यावा म्हणून त्यांनी ती काढली होती, तेवढ्यात वेदीवर फुलं पांढरी घ्यायची की पिवळी हे विचारायला हेझलचा फोन आला होता. पांढरी ठरली. खुंटी खिशात राहिली. सोमवारपासून ‘भुरी गाय’ आ वासून पडली होती, आणि बाहेर तर उन्हाळा चालला होता.

त्यांनी काउंटर गाठलं.

“ग्लेनिस,” ते कुजबुजले, “कुणाला कळू न देता ही बिअर बंद कर. आंबलीय.”

“आंबलीय?” ग्लेनिस विहिरीतून म्हणाली. “तुमचे व्याही नाचायचे बाकी राहिलेत. तो विल्फ, एरवी एक पाइंट दिवसभर पुरवतो, त्याने आपणहून मागितलीय. आणि तुम्ही स्वतः पहिला ग्लास चाटूनपुसून संपवलात! आता लोकांना आवडली तर तुम्हाला लाज वाटतेय होय? लाजू नका, बदका. हात गुणाचा आहे तुमचा.”

“अगं, तसं नव्हे—”

“आणि बंद करून त्यांना सांगू काय? की तुम्ही छान म्हणालात ती खराब होती? तुमच्या व्याह्यांना वेड्यात काढू?”

डेस्मंडराव परत जागेवर येऊन बसले.

इकडे विल्फने घोट घेतला होता. त्याचा चेहरा मुठीसारखा आवळला गेला आणि हळूहळू सुटला. त्याने शेजारच्या भावांकडे पाहिलं. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून लायनेलरावांकडे पाहिलं, तर पाहुणा ग्लास उंचावून त्यांच्याकडे बघून हसत होता. आता दक्षिणेकडच्या माणसाला जे झेपतंय ते डर्बीच्या माणसाला झेपत नाही, असं कसं चालेल?

“वाईट नाही,” विल्फ म्हणाला. डर्बीत याच्यावर स्तुती नाही.

“अजिबात वाईट नाही,” थोरला भाऊ म्हणाला. धाकट्याने नुसती मान डोलावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

लायनेलरावांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांचा समज पक्का झाला. म्हणजे इकडे बिअर अशीच असते तर! या माणसांना हीच आवडते. घरून निघताना बार्नबीने त्यांना फोनवर बजावलं होतं, “बाबा, ते जे काही पाजतील त्याला छान म्हणा, नाहीतर माझं लग्न मोडेल.” मुलाच्या सुखापुढे जीभ म्हणजे काय मोठीशी गोष्ट? त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि दुसरा ग्लास रिकामा केला.

“काय दणदणीत पितोय रे हा,” विल्फ भावांना म्हणाला. “च्यायला, असा पाहुणा आलाय आणि आपण नुसतं बघत बसायचं? ग्लेनिस! या सद्गृहस्थांना आणि डेस्मंडला माझ्याकडून एकेक. मलाही भर.”

अशा रीतीने विल्फ मंडळीत सामील झाला. आणि एकदा विल्फने पाजल्यावर दोघा भावांना गप्प बसणं शक्य नव्हतं, तेही खुर्च्या ओढून आले. पबमध्ये मंडळी वाढली की प्रत्येकाची पाळी वाढते, आणि पाळी वाढली की प्रत्येकाचे ग्लास. या गणिताला शेवट नाही. टेबलावर ‘भुरी गाय’चा कळप जमला. पाच प्रौढ पुरुष एकमेकांच्या डोळ्यांत बघत, दात आंबलेले असताना, एकेक घोट घेत होते आणि प्रत्येक घोटानंतर कुणीतरी म्हणत होतं, “छान.”

“थंडाव्याला बरी आहे.”

“पोटाला तर फारच चांगली.”

“गंज निघेल हो,” धाकटा भाऊ म्हणाला. थोरल्याने त्याला टेबलाखाली लाथ मारली.

“मी काय म्हणतो, डेस्मंडराव,” लायनेलराव उभे राहिले. त्यांच्या आवाजात बलिदानाला निघालेल्या माणसाचं गांभीर्य होतं. “मागे आपलं जे काही बोलणं झालं, ते विसरू या. लग्नात हीच बिअर हवी. एक पिंप नको, तीन घ्या. आमच्याकडचे साठ पाहुणे येतायत, त्यांनाही कळू दे!”

विल्फने ग्लास खाली ठेवला. लग्नाचं आमंत्रण त्यालाही होतं.

“तीन!” ग्लेनिसने काउंटरवर हात आपटला. “आत्ता फोन करते. आणि तिन्ही पिंपं डेस्मंडरावच सांभाळणार हं. दुसऱ्या कुणाचा हात नको.”

डेस्मंडरावांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पांढरी फुलं, भरलेला दिवाणखाना, पुन्हा एखादी खुंटी खिशातच राहिलेली, आणि साठ दक्षिणी पाहुणे एकाच वेळी ग्लास ओठांना लावतायत. आत्ता खरं सांगितलं तर मागचा बाक. नाही सांगितलं तर सगळा दिवाणखानाच रिकामा. त्यांनी खिशातली खुंटी मुठीत घट्ट धरली आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि हेझल आत आली. मागोमाग बार्नबी, उंच, नम्र, दाराच्या चौकटीला डोकं आपटून “माफ करा” म्हणणारा.

हेझलने पाहिलं. तिचे वडील आणि तिचे सासरे एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. समोर रिकामे ग्लास. दोघांचे डोळे ओलसर. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

“भांडला नाहीत?”

“छे! सगळ्या बाबतीत एकमत आहे,” डेस्मंडराव म्हणाले.

“संपूर्ण एकमत,” लायनेलराव म्हणाले.

“बाबा, माझा राजा तू!” म्हणत तिने त्यांच्या गालाची पापी घेतली आणि त्यांच्याच हातातला ग्लास उचलून मोठा घोट घेतला. डेस्मंडराव “अगं, थांब” म्हणेपर्यंत तो घोट, फवारा होऊन, मेंढ्याच्या चित्रावर उडाला होता.

“हे व्हिनेगर आहे!”

विल्फ छताकडे बघू लागला. दोघा भावांनी डॉमिनोच्या ठिपक्यांचा अभ्यास सुरू केला.

“हे काय पिताय तुम्ही? बाबा! तुला कळलं नाही? तुला?”

डेस्मंडरावांनी मूठ उघडली आणि खुंटी टेबलावर ठेवली.

“पहिल्या घोटालाच कळलं,” ते म्हणाले. “पण हे छान म्हणाले.”

“मी छान म्हणालो कारण मला छान म्हणायला सांगितलं होतं!” लायनेलराव उठून उभे राहिले. “पण मग तुम्ही का छान म्हणालात?”

“मलाही तेच सांगितलं होतं!”

“आणि तुम्ही तिघे?” हेझल विल्फकडे वळली.

“आता बघ पोरी,” विल्फ म्हणाला, “केंटचा माणूस गटागटा पितोय आणि डर्बीचा तोंड वाकडं करतोय, हे बरं दिसलं असतं का?”

ग्लेनिसने दांड्यावरची ‘भुरी गाय’ची पाटी उलटी केली, म्हणजे ही बिअर आता बंद.

आता हसायला हरकत नव्हती, आणि हसू येतही होतं. लायनेलरावांच्या खांद्यांनी तर सुरुवातही केली होती. पण हेझल हसत नव्हती. ती विचार करत होती, आणि तिची आई विचार करू लागली की घरातली मांजरसुद्धा बाहेर जात असे.

“म्हणजे दुपारभर,” ती सावकाश म्हणाली, “हे एवढे पुरुष व्हिनेगर पितात आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता छान म्हणतात.” मग ती वळली. “बार्नबी, तू यांचाच मुलगा ना?”

“हो,” बार्नबी म्हणाला. नाही म्हणायला वाव नव्हता.

“दर रविवारी मी बीफ भाजते. दर रविवारी तू छान म्हणतोस.”

डेस्मंडरावांनी डोळे मिटले. ते बीफ त्यांनी पोर चौदा वर्षांची असल्यापासून चावलं होतं. दोन दाढा त्यातच गेल्या होत्या. लग्न आता ना फेसावर अडलं होतं ना पिंपावर. समोरच्या लाजऱ्या पोराच्या एका शब्दावर ते लटकलं होतं. आणि छान हा शब्द तर या पबमध्ये दुपारपासून इतका वापरला गेला होता की त्यात काही उरलंच नव्हतं.

“खरं सांग,” हेझल म्हणाली.

बार्नबीने वडिलांकडे पाहिलं. वडील चित्रावरचं व्हिनेगर रुमालाने पुसत होते. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे ग्लासात बघत होते.

“जरा,” बार्नबी म्हणाला, “वातड असतं.”

हेझल त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले.

“अख्ख्या पबमध्ये एक तरी खरं बोलणारा निघाला! आणि तोच नेमका माझा!” मग बार्नबीच्या खांद्यावरून ती वडिलांना म्हणाली, “आणि तू, बाबा, माझ्याबरोबर यायचंस. हात धरून, दारापासून वेदीपर्यंत. पण वाटेत तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही. कळलं?”

डेस्मंडरावांनी मान डोलावली. खबरदारी म्हणून तेवढीच.

सगळं मार्गी लागलं होतं. पण खरं बोलून बक्षीस मिळालेला माणूस फार धोकादायक असतो. त्याला वाटतं, अजून बोलावं.

“आणि खरंच सांगायचं तर,” बार्नबी उत्साहाने म्हणाला, “तो वरचा रस्सासुद्धा—”

लायनेलराव पुढे झाले. इतक्या चपळाईने त्यांना कोणी हलताना पाहिलं नव्हतं. टेबलावरचा भरलेला ग्लास त्यांनी मुलाच्या हातात कोंबला आणि तो हात वर ढकलला.

“पी,” ते म्हणाले.

बार्नबीने एक मोठा घोट घेतला. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडली. तो हेझलकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. घोट खाली जायला बराच वेळ लागला.

“छान,” बार्नबी म्हणाला. “रस्सा छान असतो.”

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगा संसाराला तयार झाला, याबद्दल त्या दोघांचं त्या दिवशी पहिल्यांदाच खरोखर एकमत झालं.